कापड मोजतं, पण वाचायचं कुणी?

हृदयाचे ठोके, श्वास, अंगाचा ताप टिपणारं कापड आता जगात तयार होतंय. त्यात वीज वाहून नेणारा धागा आणि कापडाबरोबर वाकणारे बारीक सेन्सर बसवलेले असतात. ऐकायला नवल वाटतं, पण यातल्या दोन गोष्टी आपल्या ओळखीच्या आहेत.

पहिली गोष्ट जर. खऱ्या जरीत धाग्याभोवती चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते. धातूतून वीज वाहते, तशी ती या धाग्यातूनही वाहते. अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत मॅगी ऑर्थ आणि रेमी पोस्ट यांनी १९९७च्या सुमारास कापडावर विजेची जोडणी केली, ती भारतात विणल्या जाणाऱ्या रेशमी ऑर्गंझावर. त्याचे उभे धागे साध्या रेशमाचे आणि आडवे धातू गुंडाळलेले. त्यामुळे शेजारच्या दोन तारा एकमेकींना चिकटत नाहीत. त्याच सुमारास, १९९६पासून, जॉर्जिया टेक या अमेरिकन संस्थेत सुंदरेशन जयरामन या भारतीय वंशाच्या संशोधकाने सैनिकांसाठी सदरा विणायला घेतला. गोळी कुठे लागली आणि नाडी कशी चालली आहे, हे त्यातून कळावं हा हेतू होता.

दुसरी गोष्ट आपल्या तारापूरची. १९६९मध्ये इथे देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. किरणोत्सर्गाजवळ काम करणाऱ्याच्या छातीवर, कपड्याला एक बिल्ला लावतात. आधी त्यात फोटोची फिल्म असे. पुढे भाभा अणुसंशोधन केंद्राने तयार केलेला टीएलडी बिल्ला आला. त्यातल्या चकत्या किरणोत्सर्गाची ऊर्जा साठवून ठेवतात. नंतर प्रयोगशाळेत त्या तापवल्या की उजेड देतात. जितका उजेड जास्त, तितका अंगावर पडलेला किरणोत्सर्ग जास्त. दवाखान्यात एक्स-रे काढणाऱ्यांनाही असाच बिल्ला असतो.

हा बिल्ला किरणं अडवत नाही, फक्त मोजतो. माणसाचं रक्षण होतं ते त्यापुढच्या कामामुळे. बिल्ला ठरल्या वेळी तपासतात, आकडा त्या माणसाच्या नावावर लिहितात, आणि वर्षाला किती चालेल याची मर्यादा ठरलेली आहे. बाईने गरोदर असल्याचं कळवलं की पोटातल्या बाळासाठी वेगळी, जास्त कडक मर्यादा लागू होते.

मोजणाऱ्या कापडालाही हेच लागू आहे. बोईसरच्या कारखान्यात बारा-बारा तास उभं राहणारी बाई असो, की जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरची गरोदर सून, कापडाने धोका दाखवला आणि तो कुणी वाचलाच नाही, तर उपयोग काय? वाचला, पण गाडी आली नाही, तर? आणि आकडा फक्त मालकाला कळला, बाईला नाही, तर?

म्हणून असं कापड किंवा पट्टा घेऊन कुणी गटाकडे आलं, तर आपण सगळ्याजणींनी तीन गोष्टी विचारू या. हे काय मोजतं? आकडा आधी कुणाला कळतो? धोका दिसला तर रात्री कोण येणार? तिन्हींची उत्तरं मिळाली, तरच ते अंगावर चढवू या.