नव्वदांतील पाच

स्नेहसंमेलनात तांबोला खेळताना १ ते ९० हेच अंक का, असा प्रश्न सहसा कोणास पडत नाही. त्यांचे मूळ इटलीतील सोडतीत आहे. जिनोआत नगरसभेच्या निवडीवर लागणाऱ्या पैजांतून ती जन्मली आणि पुढे तिच्यात ९० अंकांतून पाच काढले जाऊ लागले. पॅरिसच्या सैनिकी विद्यालयाच्या खर्चासाठी फ्रान्सने १७५८ साली हीच पद्धत स्वीकारली. तिच्या पुरस्कर्त्यांत कॅसानोव्हाही होता.

एका अंकावर पैसे लावणाऱ्याच्या यशाची संभाव्यता ९० पैकी ५, म्हणजे १८ त १. पैजेच्या भाषेत हीच गोष्ट ‘सतरास एक’ अशी सांगतात : सतरा शक्यता प्रतिकूल, एक अनुकूल. संभाव्यता अनुकूल शक्यतांना एकूण शक्यतांशी ताडून पाहते, तर पैजेचा भाव प्रतिकूलास अनुकूलाशी. दोन्ही विधाने खरी आहेत. मात्र एकातील आकडा दुसऱ्याच्या जागी ठेवला की हिशेब चुकतो. रास्त पैजेत एका नाण्यावर सतरा नाणी नफा आणि लावलेले एक, अशी अठरा हाती यावयास हवीत. फ्रान्सचे सरकार पंधरा देत असे. सहावा हिस्सा तिजोरीत राही.

दोन अंक बरोबर सांगायचे असल्यास? भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) षड्रसांच्या मिश्रणांचे प्रकार मोजण्यास दिलेला नियमच येथे उपयोगी पडतो. ९० अंकांच्या जोड्या ४,००५. निघालेल्या पाच अंकांत त्यांपैकी १०. म्हणजे संभाव्यता सुमारे ४०० त १. बक्षीस मात्र २७० पट. येथे जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. तीन अंकांची संभाव्यता ११,७४८ त १ आणि सरासरी परतावा निम्म्याहूनही कमी. चार अंकांची ५,११,०३८ त १. बक्षीस ७५,००० पट, तरी शंभर नाण्यांमागे सरासरीने जेमतेम पंधरा परत.

बक्षीस जितके डोळे दिपवणारे, तितका सौदा अधिक तोट्याचा. पास्काल व फर्मा यांनी १६५४ च्या पत्रव्यवहारात या गणिताचा पाया घातला होता. तरीही फ्रान्समधील ती सोडत मध्यंतरीचा क्रांतिकाळ वगळता १८३६ पर्यंत चालली.

आपल्याकडे केरळने १९६७ त आणि महाराष्ट्राने १९६९ त राज्य सोडत सुरू केली. हौसेने एखादे तिकीट घेण्यात वावगे काही नाही. परंतु पहिल्या बक्षिसाचा आकडा वाचून झाल्यावर आणखी दोन आकडे विचारावेत : एकूण तिकिटे किती, आणि त्यांच्या विक्रीतून बक्षिसांच्या रूपाने परत येते किती? घरखर्चातून दर आठवड्याला तिकीट घेणाऱ्याने तर ते अवश्य विचारावेत.