अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ही हिंदुस्तानी संगीताचे अध्यापन करणाऱ्या शिक्षकांची व संगीत विद्यालयांची मध्यवर्ती संस्था आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या निधनानंतर त्यांच्या शिष्यांनी 1931 मध्ये अहमदाबाद येथे तिची स्थापना केली. अभ्यासक्रम ठरविणे, परीक्षा घेणे, विद्यालयांना संलग्नता देणे व संगीतविषयक प्रकाशन ही मंडळाची प्रमुख कार्ये होत. मंडळाची प्रमुख केंद्रे मिरज आणि ठाणे जिल्ह्यातील वाशी (नवी मुंबई) येथे आहेत.

पार्श्वभूमी

विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांचा जन्म कुरुंदवाड येथे झाला. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्यांनी ग्वाल्हेर घराण्याची तालीम घेतली. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. तोवर गायकाचा उदरनिर्वाह मुख्यतः संस्थानिकांच्या आश्रयावर चाले आणि विद्या गुरूच्या मर्जीनुसार मिळे. लाहोरचे विद्यालय मात्र लोकवर्गणीवर चालले. तेथे ठरावीक वर्ग, क्रमिक पुस्तके व परीक्षा यांची पद्धत होती. गायनाचे शिक्षक तयार करण्यासाठी तेथे ‘उपदेशक वर्ग’ही होता. त्यातील विद्यार्थी विद्यालयातच राहून शिकत आणि पुढे गावोगावी अध्यापन करीत. संगीतशिक्षक हा स्वतंत्र व प्रतिष्ठित व्यवसाय असावा, ही कल्पना या वर्गातून रुजली.

1908 मध्ये विद्यालयाची मुंबई शाखा सुरू झाली. तिच्यासाठी कर्ज काढून मोठी इमारत बांधण्यात आली, परंतु कर्जफेड न झाल्याने पुढे ती लिलावात गेली. पलुस्करांनी आयुष्याची अखेरची वर्षे मुख्यत्वे नाशिक येथे रामनामाच्या प्रसारात व्यतीत केली. 21 ऑगस्ट 1931 रोजी मिरज येथे त्यांचे निधन झाले.

स्थापना

गुरूंच्या निधनसमयी शिष्य निरनिराळ्या शहरांत अध्यापन करीत होते. नारायण मोरेश्वर खरे हे महात्मा गांधींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवीत. बी. आर. देवधर यांनी 1925 मध्येच मुंबईत स्वतःचे विद्यालय काढले होते. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास व शंकरराव व्यास हेही गायक आणि शिक्षक म्हणून नावारूपास आले होते. मूळ संस्थेची मालमत्ता उरलेली नव्हती. उरली होती ती शिकविण्याची पद्धत आणि ती जाणणारी माणसे. प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने शिकविले असते, तर एका शहरातील शिक्षणास दुसऱ्या शहरात मान्यता मिळाली नसती. यावर उपाय म्हणून शिष्यांनी एका व्यक्तीच्या संस्थेऐवजी शिक्षकांचे मंडळ उभारले. विद्यालये स्वतंत्र राहावीत, परंतु अभ्यासक्रम व परीक्षा सामाईक असाव्यात, हे या रचनेचे सूत्र होते.

विनायकरावांनी 1932 मध्ये पुणे येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले, तर 1939 मध्ये विनयचंद्र मौद्गल्य यांनी दिल्ली येथे त्याच नावाचे विद्यालय काढले. वडील वारले तेव्हा दहा वर्षांचे असलेले पलुस्करांचे पुत्र दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांना याच शिष्यांपैकी पटवर्धन व नारायणराव व्यास यांच्याकडून तालीम मिळाली.

परीक्षा व अभ्यासक्रम

मंडळाच्या परीक्षा प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार अशा चढत्या क्रमाने होतात. प्रारंभिकनंतरची प्रत्येक पातळी दोन वर्षांची असते. परीक्षा वर्षातून दोनदा, साधारणतः एप्रिल–मे आणि नोव्हेंबर–डिसेंबर या काळात घेतल्या जातात. गायनाखेरीज स्वरवाद्ये, तबला, पखवाज व नृत्य हे विषयही त्यांत समाविष्ट आहेत. आरंभी भूप, दुर्गा, काफी यांसारखे राग व छोटे ख्याल असतात. पुढे विलंबित ख्याल, रागांचा तौलनिक अभ्यास व लेखी परीक्षा यांची भर पडते.

स्वरलेखन हा अभ्यासक्रमाचा महत्त्वाचा भाग आहे. पलुस्कर पद्धतीत अक्षरावरील बिंदू मंद्र सप्तक दर्शवितो, तर विष्णु नारायण भातखंडे यांच्या पद्धतीत तोच बिंदू तार सप्तकाचा निदर्शक असतो. त्यामुळे विद्यार्थ्यास दोन्ही पद्धतींचा परिचय करून दिला जातो.

प्रकाशने

‘संगीत कला विहार’ हे मंडळाचे मासिक 1947 मध्ये सुरू झाले. बी. आर. देवधर त्याचे संपादक होते. त्यांनी लिहिलेली गायक-वादकांची व्यक्तिचित्रे संगीताच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानली जातात. पटवर्धन यांचा ‘राग विज्ञान’ हा अनेक भागांचा ग्रंथ विद्यार्थ्यांमध्ये विशेष प्रचलित आहे.

ठाणे परिसरातील कार्य

वाशी येथील संकुलात मंडळाचे संगीत विद्यालय आहे. ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांत मंडळाच्या अभ्यासक्रमानुसार शिकविणारे अनेक वर्ग आहेत. त्यांतील पुष्कळसे शिक्षक आपल्या राहत्या घरीच शिकवितात. अशा एकट्या शिक्षकास मंडळामुळे तयार अभ्यासक्रम व बाहेरचा परीक्षक मिळतो, आणि विद्यार्थ्याने शहर बदलले तरी त्याचे शिक्षण पुढे चालू राहू शकते.

टीका व महत्त्व

ठरावीक मुदतीत ठरावीक राग शिकविण्याच्या पद्धतीवर आरंभापासून आक्षेप घेतले गेले. अशा शिक्षणातून पदवीधर निर्माण होतात, परंतु मैफलीचा गायक घडत नाही, असे गुरु-शिष्य परंपरेच्या समर्थकांचे म्हणणे आहे. दहावीच्या परीक्षेत शास्त्रीय कलांसाठी वाढीव गुण मिळू लागल्यापासून केवळ गुणांकरिता परीक्षा देण्याची प्रवृत्ती बळावते, असाही आक्षेप घेतला जातो. दुसऱ्या बाजूने, गायनाची पार्श्वभूमी नसलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांतील मुलामुलींना, विशेषतः स्त्रियांना, संगीतशिक्षण व अध्यापनाचा व्यवसाय खुला होण्यात या पद्धतीचा मोठा वाटा आहे. सर्वच विद्यार्थी तानसेन होणार नाहीत, पण त्यांतून चांगले ‘कानसेन’ घडावेत, ही पलुस्करांची भूमिका प्रसिद्ध आहे. मंडळाच्या कार्याचे मूल्यमापन करताना ही भूमिकाही विचारात घेतली जाते.