एक क्षण, अनेक कॅमेरे

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची सावली विजयदुर्गाजवळ किनाऱ्यावर आली आणि वाईच्या दक्षिणेस, कऱ्हाडच्या परिसरावरून जेऊरकडे गेली. विजयदुर्गास नॉर्मन लॉकियर, तर जेऊरला पुण्याचे प्रा. नायगमवाला व अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्पबेल कॅमेरे रोखून सज्ज होते. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची. हुकलेला क्षण पुन्हा मिळणार नव्हता.

ग्रहणाच्या छावण्यांत एक जण घड्याळ पाहून सेकंद मोठ्याने पुकारी आणि त्या हाकेवर इतर जण आपापले कॅमेरे उघडीत. हाक सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जाते. म्हणजे ३४ मीटरवरच्या माणसाला ती एक दशांश सेकंद उशिरा पोचते. काही सेकंद प्रकाश घेणाऱ्या छायाचित्राला एवढा उशीर चालून जाई.

कारखान्यात तो चालत नाही. पट्ट्यावरून सेकंदाला २ मीटर वेगाने सरकणारी बाटली एक दशांश सेकंदात २० सेंटिमीटर पुढे जाते. मग दोन बाजूंच्या कॅमेऱ्यांची चित्रे जुळणार कशी? संगणकाच्या जाळ्यातून 'आता टिपा' असा निरोप धाडावा, तर तोही वाटेत कमीजास्त रेंगाळतो. यावर तोड अशी की, हुकूम धाडण्याऐवजी आधी सर्व घड्याळे जुळवायची आणि मग ठरल्या वेळी टिपायचे. त्यासाठीची 'प्रिसिजन टाइम प्रोटोकॉल' ही पद्धत २००२ साली प्रमाणित झाली.

तिचे गणित शाळेतलेच आहे. मुख्य घड्याळात ० वाजता निघालेला निरोप कॅमेऱ्याच्या घड्याळात ५३ वाजता पोचला. कॅमेऱ्याने ६० वाजता धाडलेले उत्तर मुख्य घड्याळात १३ वाजता पोचले. (एकक मायक्रोसेकंद.) जाताना फरक ५३, येताना उणे ४७. बेरजेची निमपट ३, हा प्रवासाचा वेळ; वजाबाकीची निमपट ५०, एवढे कॅमेऱ्याचे घड्याळ पुढे. मात्र जाण्यायेण्यास सारखाच वेळ लागतो, हे येथे गृहीत धरले आहे. ते जेवढे खरे, तेवढीच जुळणी खरी.

शिक्षकांनी मैदानावर हा प्रयोग जरूर करावा. १७० मीटरवर उभ्या विद्यार्थ्याने थाळी वाजवावी. ठोका दिसतो आधी, ऐकू येतो अर्ध्या सेकंदाने. 'एकाच क्षणी' म्हणताना निरोपाचा प्रवास हिशेबात धरावा लागतो, हे मुलांना तेथेच उमगेल, असे आम्हांस वाटते.