वॉर्डातली यंत्रं रुग्णाला खरंच सुरक्षित ठेवतात का? संशोधन काय सांगतं

मोहने-आंबिवली परिसरात एखाद्याला रात्री धाप लागली, तर उपचार बहुतेकदा एकाच ठिकाणी संपत नाहीत. आधी जवळचा दवाखाना, मग कल्याणचं महापालिकेचं रुक्मिणीबाई रुग्णालय किंवा एखादं खासगी हॉस्पिटल आणि प्रकृती गंभीर असेल तर पुढे कळवा किंवा मुंबई. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर तपासून जातात. पण चोवीस तास वॉर्डात असतात त्या परिचारिका. औषध देणं, सलाईनवर लक्ष ठेवणं, नाडी आणि श्वास मोजणं, काही बिघडतंय हे सर्वांत आधी ओळखणं ही त्यांची कामं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, दर १० रुग्णांपैकी सुमारे एकाला उपचारांदरम्यान काही ना काही इजा होते आणि त्यातली निम्म्याहून अधिक इजा टाळता येण्यासारखी असते. चुकीचा डोस, सुईच्या जागी झालेला संसर्ग, खाटेवरून पडणं, उशिरा लक्षात आलेली गुंतागुंत ही त्याची नेहमीची रूपं. या चुका कमी करण्यासाठी कोणत्या गोष्टी खरोखर उपयोगी पडतात, याचा अभ्यास जगभर झाला आहे.

योग्य औषध, योग्य रुग्णाला

औषध देताना पाच गोष्टी तपासायच्या, हे प्रत्येक परिचारिकेला शिकवलं जातं: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. पण भरलेल्या वॉर्डात सारख्या नावाचे दोन रुग्ण असले किंवा दोन औषधांची वेष्टनं सारखी दिसली, की गफलत होऊ शकते.

यावरचा एक उपाय म्हणजे बारकोड. रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आणि औषधाचं पाकीट दोन्ही स्कॅन करायचं. मेळ बसला नाही तर संगणक लगेच सूचना देतो. अमेरिकेत बोस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयातला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वेळेच्या चुका सोडल्या, तर औषध देताना होणाऱ्या चुकांचं प्रमाण बारकोड नसलेल्या वॉर्डांत ११.५ टक्के होतं, बारकोड असलेल्या वॉर्डांत ६.८ टक्के.

बारकोड नसला, तरी त्यामागचं तत्त्व कुठेही पाळता येतं. रुग्णाची ओळख किमान दोन गोष्टींवरून पटवायची, उदाहरणार्थ पूर्ण नाव आणि जन्मतारीख किंवा केसपेपरचा क्रमांक. खाटेचा क्रमांक ही ओळख नव्हे, कारण रुग्णाची खाट बदलू शकते.

धोक्याची चाहूल आकड्यांत

रुग्ण अचानक गंभीर झाला असं आपण म्हणतो, पण अनेकदा त्याआधी काही तास शरीर इशारे देत असतं. श्वासाची गती वाढते, नाडी जलद होते, रुग्ण गोंधळल्यासारखा बोलू लागतो. एकेक बदल किरकोळ वाटतो, म्हणून सुटून जातो.

ब्रिटनमध्ये २०१२ साली यासाठी गुणांची एक राष्ट्रीय पद्धत आली. २०१७ मध्ये ती सुधारली गेली. श्वासाची गती, रक्तातला ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन सुरू आहे का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप या सात बाबींना गुण द्यायचे आणि बेरीज करायची. बेरीज ५ किंवा जास्त झाली तर तातडीने डॉक्टरांना बोलवायचं; ७ किंवा जास्त असेल तर आणीबाणी समजायची. त्यामुळे नव्या परिचारिकेलाही ‘मला बरं वाटत नाहीये याच्याबद्दल’ एवढंच न सांगता, ‘गुण ७ झालेत’ असं ठामपणे सांगता येतं.

ड्युटी बदलते, तेव्हा

एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात, सकाळपाळीतून रात्रपाळीत, कल्याणहून कळव्याला जाताना रुग्णासोबत माहितीही जावी लागते. ती अर्धवट गेली, तर दिलेलं इंजेक्शन पुन्हा दिलं जाऊ शकतं किंवा ॲलर्जीची नोंद मागेच राहते.

यासाठी माहिती ठरलेल्या क्रमाने सांगायची पद्धत आहे: आता काय झालंय, आधी काय झालं होतं, तपासणीत काय दिसतंय आणि पुढे काय करायला हवं. उत्तर अमेरिकेतल्या ९ बालरुग्णालयांमध्ये शिकाऊ डॉक्टरांसाठी अशीच एक ठरावीक पद्धत आणली गेली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपचारांतल्या चुका २३ टक्क्यांनी घटल्या. यात महागडं यंत्र एकही नव्हतं.

गडचिरोलीचे मणी

साधं साधन आणि भक्कम पुरावा यांचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांमधला न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वास मोजायचं एक साधन वापरलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मण्यांची रांग. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर श्वास धोकादायक वेगाने चाललाय. लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईलाही हे जमत होतं.

पुढे याच संस्थेने गावातल्या महिलांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत हे काम झालं आणि तुलनेसाठी ४७ गावांतल्या नोंदी ठेवल्या गेल्या. तिसऱ्या वर्षी नवजात बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर सुरू झालेल्या नवजात गृहभेटींमागे हाच अनुभव आहे.

यंत्रही चुकतं

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण बोटं गार पडली असतील किंवा गडद नेलपॉलिश असेल, तर त्याचा आकडा चुकू शकतो. त्वचेच्या रंगाचाही परिणाम होतो. अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात यंत्रावर ९२ ते ९६ टक्के दिसत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात ८८ टक्क्यांखाली असल्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के आणि कृष्णवर्णीय रुग्णांत ११.७ टक्के आढळलं. म्हणून आकड्यासोबत रुग्णाकडेही बघावं लागतं.

मॉनिटर सतत वाजत राहिले, तर कानांना त्याची सवय होते आणि खरा इशाराही सुटतो. यंत्रांची देखभाल हा तर जिवाचाच प्रश्न. भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत १० बाळांचा मृत्यू झाला.

यादी छापून दिली की काम होतं, असंही नाही. उत्तर प्रदेशातल्या १२० आरोग्य केंद्रांच्या अभ्यासात निम्म्या केंद्रांत सुरक्षित बाळंतपणाची तपासणी-यादी प्रशिक्षणासह वापरून पाहिली गेली. परिचारिकांचं काम सुधारलं, पण माता आणि बाळांच्या मृत्यूंत व गंभीर गुंतागुंतीत फरक पडला नाही, असं २०१७ मध्ये समोर आलं.

हात किती, हा मूळ प्रश्न

स्कॅन करायला, गुण मांडायला, इशारा ऐकून धावत जायला माणूस लागतं. अमेरिकेतल्या १६८ रुग्णालयांचा २००२ चा अभ्यास सांगतो, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या वॉर्डात एका परिचारिकेकडे जितके रुग्ण जास्त, तितका धोका जास्त. प्रत्येक वाढीव रुग्णामागे ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यामुळे नवं यंत्र आणताना ते वापरणाऱ्या परिचारिका पुरेशा आहेत का, हेही बघायला हवं.

नातेवाईक काय करू शकतात?

- जुने केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि सुरू असलेली सगळी औषधं सोबत न्या. ॲलर्जी असेल तर प्रत्येक ठिकाणी सांगा.
- औषध देण्याआधी सिस्टर नाव विचारत असतील, तर वैतागू नका. नाव विचारलं नाही, तर स्वतःहून सांगा.
- सलाईनचा वेग स्वतः बदलू नका, मॉनिटरचा आवाज बंद करू नका, सिस्टरना बोलवा.
- रुग्णाला हात लावण्याआधी आणि नंतर हात स्वच्छ करा. ‘हात धुतलेत का?’ हे नम्रपणे विचारणं हा उद्धटपणा नाही.
- दुसऱ्या रुग्णालयात हलवताना शेवटचं औषध कोणतं आणि किती वाजता दिलं, हे लिहून घ्या.
- ‘आकडे ठीक आहेत, पण हे नेहमीसारखे वाटत नाहीत,’ असं जाणवलं तर लगेच सांगा. घरच्या माणसाच्या हे आधी लक्षात येऊ शकतं.