गंगथडीची काळी आणि तिचे धनी



इतिहासाच्या व्याख्यानाला मातीचा विषय कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. मी कामगार चळवळीतला माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण वाचनालयात आणि सभांत झाले. परंतु जिनिंगमधले हमाल, सालगडी, ऊसतोडीला जाणारी जोडपी, यांच्या आयुष्याचे मूळ शोधू लागलो की वाट दरवेळी जमिनीपाशीच जाऊन पोचते. म्हणून आपल्या जिल्ह्याच्या उत्तर कडेची, गोदावरीच्या थडीची काळी जमीन हाच एक जुना दस्तऐवज समजून आज वाचावयाचा आहे.

राक्षसभुवनची लढाई आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी गेवराई तालुक्यातील या गावी निजामअलीच्या फौजेचा पराभव केला. गंगेला पूर होता, निजामाची फौज दोन काठांवर विभागली गेली होती, आणि दक्षिण काठावर त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. तहात पेशव्यांना मुलूख मिळाला. पण मुलूख मिळाला म्हणजे काय मिळाले? डोंगर आणि धोंडे मिळवण्यासाठी कोणी फौजा पोसत नाही. मुलूख म्हणजे महसूल, आणि महसूल म्हणजे जमिनीचा कस. तेव्हा कस म्हणजे काय, हे आधी पाहिले पाहिजे.

नदीच्या पात्रातून गावाकडे चालत यावे. आधी वाळू लागते. मग पुराच्या पाण्याखाली जाणारी मळई, तिच्यात गाळाचा मऊ पोयटा. त्याच्याही वर, एक पायरी चढल्यासारखी, पुराच्या सहसा हाती न लागणारी उंच थडी येते, आणि खोल काळी जमीन पसरते ती येथे. नदीचे पात्र फार प्राचीन काळी आजच्यापेक्षा उंच होते, त्या काळी तिने या पायऱ्या घातल्या. पुढे पात्र खोल गेले आणि पायऱ्या वर राहिल्या. नाशिककडे नांदूर-मधमेश्वर येथे गोदावरीच्या अशाच जुन्या गाळात, आज नामशेष झालेल्या जातीच्या हत्तीचे अवशेष मिळाले. १९०५ साली त्यांची शास्त्रीय नोंद झाली.

ही माती मूळची आपल्या काळ्या फत्तराची, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. फत्तर झिजला, पाण्याने त्याचे सूक्ष्म कण खाली आणले, आणि संथ जागी ते बसले. अशा मातीच्या शंभर भागांत चाळीस ते साठ भाग निव्वळ चिकण असते. हे चिकण पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. म्हणून वैशाखात शेतात हात घालावा तर कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यात खालची माती फुगून वर सरकते, आणि अशा रीतीने जमीन वर्षानुवर्षे स्वतःला उलथीत राहते. जुने शेतकरी म्हणतात की काळी स्वतःच नांगरते; ते अक्षरशः खरे आहे.

काळ्या रंगावरून ती खताने भरलेली असावी असा समज होतो. तसे नाही. तिच्यात चुना आणि पालाश बऱ्यापैकी असतो, पण नत्र, स्फुरद आणि सेंद्रिय द्रव्य कमीच असते. तिचे खरे धन म्हणजे ओल. मीटरभर खोल काळी सुमारे वीस सेंटिमीटर पाऊस पोटात साठवून ठेवते. वीतभर खोलीच्या बरड जमिनीत त्याचा पाचवा हिस्साही राहत नाही. आपल्या जिल्ह्याचा पाऊस सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. तेव्हा हस्ताच्या पावसानंतर पेरलेली रब्बी ज्वारी, पुढे थेंब न पडता, केवळ या साठवलेल्या ओलीवर दाणा भरते. थडीच्या गावाला दुष्काळ उशिरा कळतो तो यामुळे.

माणसाने हे फार लवकर ओळखले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, जोर्वे, नेवासे, इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांनी प्रवरेच्या आणि घोडनदीच्या काठी काळ्या जमिनीजवळ घरे बांधली. नेवाशाचे उत्खनन १९५४ ते १९५६ या काळात झाले. त्यानंतरच्या शतकांत आपल्या भाषेनेच गावाचे दोन भाग पाडले: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे शेत. पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती, राख आणि शेण मिसळून तिथली माती पांढुरकी झाली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गावगाडा’ या ग्रंथात ही गावरचना विस्ताराने सांगितली आहे. काळी पिकवी आणि पांढरी वाटून खाई, असा तो व्यवहार होता. वाटा सर्वांचा असे, पण सारखा नसे.

राज्यकर्त्यांनाही मातीची प्रत पाहावी लागली. मलिक अंबरने जमिनीचा कस आणि पीक पाहून धारा बसवण्याची पद्धत घातली. पुढे १८३५ साली इंग्रजी अमलात इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी जमाबंदी सुरू केली. तिच्यात माती आण्यांत मोजली जाई. एकजिनसी काळी आणि पावणेदोन हात खोल, ती सोळा आणे. खोली कमी होईल तसतसे आणे उतरत. चुनखडी, वाळू, उतार, पाण्याने वाहून जाणे, ओलीचा अतिरेक, असा एकेक दोष दिसला की आणखी एक प्रत उतरे. निजामाच्या राज्यात, सालारजंगांच्या कारकिर्दीत, १८७० नंतर मोजणी सुरू झाली ती याच धर्तीवर.

पद्धत हुशारीची होती. पण तिने जमिनीची खोली हातांनी मोजली. त्या जमिनीत राबलेले हात मोजावयाचे राहून गेले. आजच्या विषयाचा गाभा मला येथे दिसतो. सोळा आण्यांची काळी ही सोळा आणे कष्टाचीही जमीन आहे. ओली असताना तिच्यात पाऊल रुतते, औत चालत नाही. वाळली की ढेकूळ दगडासारखे होते. मध्ये वाफशाचे मोजके दिवस मिळतात, आणि तेवढ्यात वखर, तिफण, पेरणी सर्व उरकावे लागते. जुना लाकडी नांगर तिच्यात ओढायचा तर चार-चार बैलजोड्या जुंपाव्या लागत. शिवाय कुंदा. या गवताच्या मुळ्या इतक्या खोल जातात की नांगराला दाद देत नाहीत. कुदळ घेऊन माणसांनीच त्या खणून काढायच्या.

ज्याच्याकडे बैल नाहीत आणि वाफशाच्या दिवसांत हुकमी माणसे नाहीत, त्याला ही जमीन मिळाली तरी टिकवता येत नसे. पेरणी चुकली की सावकार दारात. म्हणून थडीची काळी हळूहळू मोठ्या खटल्यांकडे, पाटील-देशमुखांकडे, जहागिरींकडे साचत गेली, आणि राबणारा वर्षाच्या बोलीवर सालगडी झाला. मातीने कोणाला मालक केले नाही, हे खरे. पण मातीच्या गुणाचा फायदा कोणाला घेता आला, हे बैलांच्या जोड्यांनी ठरवले.

पोलीस कारवाईनंतर १९४९ साली हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० साली कूळकायदा आला. संरक्षित कुळाला आधार मिळाला, हे मोठे काम झाले. परंतु सालगडी हा कूळ नव्हता. त्याने कुंदा खणलेल्या शेताच्या कागदावर त्याचे नाव कोणत्याच रकान्यात बसत नव्हते.

आता थडी सोडून दक्षिणेला बालाघाटाकडे पाहा. सिंदफणा आणि आपल्या गावातून वाहणारी बिंदुसरा या दोन्ही त्याच डोंगरात उगम पावतात. बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा मंजरथला गोदावरीला. डोंगरउताराची माती शतकानुशतके याच वाटांनी खाली गेली. वर राहिला मुरूम आणि वीतभर थर. १९७२ च्या दुष्काळात तो थर पहिल्या झटक्यातच कोरडा पडला. माणसे खडी फोडायला आणि नालाबांध घालायला गेली. त्या कामांतून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. पण हमीचे काम गावात पुरेल एवढे कधी मिळाले नाही. पाटोद्याची, शिरूरची, धारूरची हजारो कुटुंबे आजही दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि भीमा-कृष्णेच्या काठच्या तशाच खोल काळ्या जमिनीत दुसऱ्याचा ऊस तोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, हा त्यांचा हिशेब. बालाघाटाची माती नदीने नेली, आणि माणसे उचलीने नेली.

थडीलाही आता नवी परीक्षा आहे. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी केली; पुढे दुसऱ्या टप्प्यात सिंदफणेवर माजलगावचे धरण झाले. पाणी आले ते चांगलेच झाले. पण ओल धरून ठेवणे हा जिचा गुण, तिला बारमाही पाणी पाजले तर तोच गुण दोष होतो. निचरा होत नाही, जमीन चिबड होते, क्षार वर येतात, शेवटी चोपण होते. हे भविष्य नव्हे, इतिहास आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच त्याच्याखालच्या उसाच्या काळ्या जमिनी बिघडू लागल्या होत्या. चर खणणे, पाणी मापाने देणे, पिकांची फेरपालट करणे, हे उपाय जुनेच आहेत. ते खर्चाचे आहेत, आणि ऊस घेणाऱ्याला आज दिसणारा पैसा उद्याच्या निचऱ्यापेक्षा मोठा वाटतो.

आपण शहरात राहणारी माणसे. आपल्याला काय करता येईल, असा प्रश्न कोणी विचारील. माझे उत्तर साधे आहे. आपल्या ताटातली भाकरी थडीच्या ओलीची आहे आणि चहातली साखर कोयत्याची आहे. बालाघाटावर बांधबंदिस्ती होऊन माती जागच्या जागी राहिली, तर कोयता हाती घेण्यापूर्वी नाही म्हणण्याची ताकद त्या कुटुंबात येईल. संघटना मजुरीचा दर वाढवून घेऊ शकते, आणि तो घेतलाच पाहिजे. पण ज्याच्या घरामागे निदान हातभर खोल माती आहे, तो मजूर दर ठरवताना मुकादमापुढे ताठ उभा राहतो. म्हणून मजुरीची मागणी आणि मातीची मागणी मी वेगळी मानीत नाही. रोजगार हमीच्या कामांची यादी ग्रामसभेत वाचली जाते, तेव्हा तीत माती अडवण्याची कामे किती आहेत, एवढे तरी आपण विचारू या.