कॉन्कर्डच्या रस्त्यावरचे एकवीस तास

१८ एप्रिल १७७५, रात्री १०
बोस्टनमधून सुमारे सातशे ब्रिटिश शिपाई गुपचूप बाहेर पडत होते. मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर आणि सेनापती जनरल थॉमस गेज याचा हुकूम होता: कॉन्कर्ड गावातल्या तोफा आणि दारूगोळा नष्ट करून परत या. गुपित मात्र आधीच फुटलं होतं. डॉ. जोसेफ वॉरनने चांदीकाम करणाऱ्या पॉल रिव्हिअरला आणि कातडी कमावणाऱ्या विल्यम डॉझला वेगवेगळ्या वाटांनी पिटाळलं. ओल्ड नॉर्थ चर्चच्या मनोऱ्यात दोन कंदील दिसले. फौज नदी ओलांडून येते आहे, अशी ती खूण होती.

कॉन्कर्डच का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. डिसेंबर १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या बुडवल्या गेल्या. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. शिक्षा म्हणून पार्लमेंटने बंदर बंद केलं आणि गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकाहून जास्त गावसभा घ्यायला मनाई केली. प्रतिनिधी तरीही जमले. ऑक्टोबर १७७४ मध्ये कॉन्कर्डलाच त्यांची प्रांतिक काँग्रेस भरली, अध्यक्ष जॉन हॅनकॉक. तिने गावांना सांगितलं की कर राजाच्या खजिनदाराकडे भरू नका, आम्ही नेमलेल्या हेन्री गार्डनरकडे भरा. माझ्या मते राज्य हातातून गेलं ते त्या दिवशी. पुढचे एकवीस तास ते सगळ्यांना दिसलं, एवढंच.

मध्यरात्र
रिव्हिअर लेक्सिंग्टनला पोहोचला. तिथे पाद्री जोनास क्लार्कच्या घरी वसाहतवाल्यांचे पुढारी हॅनकॉक आणि सॅम्युएल ॲडम्स मुक्कामाला होते.

रात्री १ नंतर
पुढच्या वाटेवर गस्तीच्या घोडेस्वारांनी रिव्हिअरला धरलं. सोबतचा तरुण डॉक्टर सॅम्युएल प्रेस्कॉट निसटला आणि निरोप कॉन्कर्डला पोहोचला. रिव्हिअरचं नाव अजरामर झालं, पण त्या रात्री एका माणसावर काहीच अवलंबून नव्हतं. गावोगावच्या समित्यांनी निरोप पुढे नेण्याची व्यवस्था आधीच लावून ठेवली होती. एका गावातून दुसऱ्या गावात घोडेस्वार सुटत होते, घंटा वाजत होत्या. बोस्टनबाहेर गेजचा हुकूम कोणी मानत नव्हतं; समित्यांचा शब्द मात्र मध्यरात्रीही झेलला जात होता.

रात्री २
नदीपलीकडच्या दलदलीत भिजलेल्या शिपायांना शिधा वाटून झाला आणि कूच सुरू झाली. घंटा ऐकून फौजेचा प्रमुख कर्नल स्मिथ याने वाटेतूनच गेजकडे कुमक मागितली.

पहाटे ४
गेजने कुमक याच वेळी सज्ज ठेवायला सांगितलं होतं. पण त्या हुकुमाचं पत्र एका अधिकाऱ्याच्या मुक्कामी न उघडता पडून राहिलं. दुसरं पत्र मेजर पिटकेर्नच्या नावे होतं, आणि तो तर फौजेबरोबर केव्हाच निघून गेला होता. ब्रिगेडियर पर्सीची कुमक निघाली तेव्हा सकाळचे पावणेनऊ झाले होते.

पहाटे ५
लेक्सिंग्टनच्या मोकळ्या मैदानावर कॅप्टन जॉन पार्करची सुमारे सत्त्याहत्तर माणसं उभी होती. पार्कर क्षयाने पोखरलेला होता. त्याच सप्टेंबरात तो वारला. समोरची संख्या पाहून त्याने पांगायला सांगितलं. तेवढ्यात एक गोळी सुटली. ती कोणाची, याचा निवाडा आजवर झालेला नाही. मग शिपायांनी हुकुमाशिवायच बार काढले आणि संगिनी चालवल्या. पार्करचा चुलतभाऊ जोनास संगिनीने मारला गेला. एकूण आठ ठार, दहा जखमी. जखमींत प्रिन्स एस्टाब्रुक होता, एक कृष्णवर्णीय गुलाम. शेजाऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी त्याने गोळी झेलली. स्वतःचं स्वातंत्र्य तेव्हा त्याच्याकडे नव्हतं.

सकाळी ८
फौज कॉन्कर्डमध्ये शिरली. बराचसा साठा आधीच हलवलेला होता.

सकाळी ९.३०
शिपायांनी तोफगाडे पेटवले. आग सभागृहाला लागली, तेव्हा त्यांनीच बादल्यांनी पाणी मारून ती विझवायला मदत केली. पण टेकडीवरच्या चारशे मिलिशियांना फक्त धूर दिसला. गाव जाळताहेत असं समजून ते नॉर्थ ब्रिजकडे उतरले. पुलावरच्या शेकडाभर शिपायांनी आधी बार काढले; ॲक्टन गावचा आयझॅक डेव्हिस आणि त्याचा सोबती ॲबनर होस्मर जागीच कोसळले. मेजर जॉन बटरिकने गोळीबाराचा हुकूम दिला. राजाच्या सैन्यावर हुकूम देऊन झाडलेल्या या पहिल्या गोळ्या. त्यात तीन शिपाई गेले.

दुपारी १२
स्मिथ परत फिरला. मेरियम कॉर्नरपासून दगडी कुंपणांआडून आणि झाडांमागून गोळ्या येऊ लागल्या. सकाळी मार खाल्लेला पार्करही आपली माणसं घेऊन वाटेत दबा धरून बसला होता.

दुपारी २.३०
लेक्सिंग्टनजवळ पर्सी दोन तोफांसह भेटला. तो नसता तर बहुधा स्मिथची फौज संपलीच असती.

दुपारी ४.३०
मेनोटमी गावात घराघरांतून लढाई झाली. दिवसातली सर्वांत भीषण कत्तल इथे झाली, दोन्ही बाजूंनी.

संध्याकाळी ७
फौज चार्ल्सटाउनला पोहोचली, युद्धनौकांच्या तोफांच्या आसऱ्याला. ब्रिटिशांचे ७३ ठार, वसाहतवाल्यांचे ४९. रात्रीतून बोस्टनभोवती वेढा पडू लागला.

चार दिवसांनी प्रांतिक काँग्रेसने १३,६०० जणांचं सैन्य उभारायचा ठराव केला आणि प्रत्यक्षदर्शींच्या शपथेवर जबान्या घेतल्या. कॅप्टन जॉन डर्बी त्या जबान्या घेऊन गेजच्या जहाजानंतर निघाला, तरी मेअखेरीस लंडनला आधी पोहोचला. गेजचा अहवाल मंत्र्यांच्या हाती पडायला आणखी जवळजवळ दोन आठवडे लागले.