फेरफाराची शिस्त आणि गावाचे संकेतस्थळ

ठाण्याहून भिवंडीकडे निघाले की काल्हेर, पूर्णा, राहनाळ असा गोदामांचा पट्टा लागतो. मुंबईच्या जकातीबाहेर माल उतरवता येई, हे तो फोफावण्याचे एक मोठे कारण. १ जुलै २०१७ ला जकात गेली, गोदामे मात्र राहिली. भाताच्या खाचरांच्या जागी गाळे उभे राहतात तेव्हा त्याचा भार ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीवर पडतो. गाळा वाढला, मालक बदलला, की नोंद बदलली पाहिजे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ ने २००५ पासून पंचायतींवर माहिती आपणहून जाहीर करण्याची जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे दप्तराला संकेतस्थळाची जोड आली. ते सांभाळायला कोणती प्रणाली घ्यावी, हे विक्रेत्याने दाखवलेल्या देखण्या पानांवरून ठरवू नये. त्याची कसोटी आपल्या महसुली दप्तराच्या इतिहासातच आहे.

देशावर गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याच्या घरी असे. मोडी लिपी त्याला येई, वळण त्याचे, खुणाही त्याच्याच. त्यामुळे दप्तर वाचायचे तर त्याच्याच दारी जावे लागे. उत्तर कोकणात मात्र एकोणिसाव्या शतकातच सरकारी पगारावरचा तलाठी होता. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. पगारी माणसाची बदली होते, आणि बदली होणार म्हणजे त्याची वही पुढच्या माणसाला न विचारता कळली पाहिजे. ठरावीक रकान्यांच्या छापील गाव नमुन्यांचे बळ यात आहे. सातमध्ये हक्क, बारामध्ये पीक, सहामध्ये फेरफार: कोणती गोष्ट कुठे लिहायची हे कागदच सांगतो. त्याहून मोठी शहाणीव फेरफारात आहे. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात आणि मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. जुने नाव खोडून नाहीसे करत नाहीत. त्याला कंस करतात आणि शेजारी फेरफार क्रमांक घालतात. कोणाचे नाव कधी आणि कशामुळे कमी झाले, हे पन्नास वर्षांनीही सापडते. आजच्या चांगल्या संकेतस्थळ-प्रणालीत कच्चा मसुदा, मंजुरी आणि जुन्या आवृत्त्यांचा इतिहास असतो. तलाठ्याला या तिन्ही गोष्टी आधीपासून ठाऊक आहेत.

संगणक गावात आला तेव्हा ही शिस्त पुरती त्याच्यात उतरली नाही. २०११ मध्ये ग्रामपंचायतींच्या संगणकीकरणाचा ‘संग्राम’ प्रकल्प सुरू झाला, पुढे २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्र’ आले, २४ एप्रिल २०२० ला केंद्राचे ‘ई-ग्रामस्वराज’ आले. प्रत्येक वेळी पडदे बदलले, परवलीचे शब्द बदलले, आणि शिकणारा तोच राहिला: ग्रामसेवक किंवा तुटपुंज्या मानधनावरचा संगणक परिचालक. त्यातच युनिकोड रुळण्यापूर्वीचे फॉन्ट. ‘शिवाजी’ किंवा ‘कृतिदेव’मध्ये टंकलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर अगम्य चिन्हांचा ढीग होई. जाणकारावाचून मोडी कागद मुका, तशीच ही गत.

म्हणून प्रणाली गावच्या लिपिकाला स्वतः चालवता येईल इतकी सोपी हवी. यावर एक रास्त हरकत घेतली जाते. दप्तर सोपे केले तर कोणीही हात घालील. बदल वरूनच, मोजक्या तज्ज्ञांकडून झालेले बरे. करपावतीच्या आणि जमाखर्चाच्या नोंदींत गैरव्यवहाराची भीती खरी आहे, आणि हिशेबाची प्रणाली राज्यभर एकच असावी हेही मला मान्य आहे. पण फेरफाराने या भीतीवर उत्तर शोधले ते लिहिणारा आणि प्रमाणित करणारा वेगळे ठेवून. लिहिणाऱ्याच्या हातातली लेखणी त्यासाठी काढून घ्यावी लागली नाही. दुसरे म्हणणे असे की एखाद्या संस्थेला वार्षिक कंत्राट द्यावे, कर्मचाऱ्यांना त्रास कशाला? वर्षाला निदान चार ग्रामसभा होतात, त्यांच्या नोटिसा वेळेत लागाव्या लागतात. एक तारीख चुकली आणि ती दुरुस्त करायला बाहेरच्या माणसाला फोन करत बसावे लागले, तर ते दप्तर गावाचे राहिले नाही. पुन्हा कंत्राट संपले की मजकूर कोणाचा, हा वाद उरतोच. म्हणून आपला सगळा मजकूर उचलून दुसऱ्या प्रणालीत नेता येतो का, हे आधी विचारले पाहिजे. वर्डप्रेससारखी २००३ पासूनची मुक्त प्रणाली इथे उजवी ठरते. पण तीसुद्धा पडदा मराठीत ठेवून आणि अनावश्यक कळा झाकून दिली तरच.

राहनाळसारख्या, रोज नव्या नोंदी होणाऱ्या गावांतील सदस्यांना माझी विनंती आहे. पैसे मोजण्याआधी विक्रेत्याला बाजूला बसवा आणि आपल्या लिपिकाला ग्रामसभेची नोटीस मराठीत लिहून चढवायला सांगा. मग तिच्यातली तारीख बदलायला सांगा आणि जुनी तारीख कुठे दिसते ते पाहा. हे काम त्याला कोणाला न विचारता जमले नाही, तर ती प्रणाली घेऊ नका.